चिऱ्याच्या भिंतीतला एक टक्का

सप्रेम नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. यजमान गवंडी आहेत, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं बांधकाम करतात. हापूसची बावीस कलमं आहेत, ती दरवर्षी कराराने देतो. मी बचत गटात आमसुलं आणि आगळ करते. मुलीला बारावीला ८१ टक्के मिळाले. सीईटी देऊन कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या) दुसऱ्या फेरीत पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनीयरिंगला नंबर लागला. आम्ही ओबीसी. मुलींची फी माफ झाली म्हणून निश्चिंत होतो, पण प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने ३१ हजार भरून घेतले. होस्टेल आणि मेस मिळून वर्षाचे ९५ हजार सांगतात, दुसरा हप्ता जानेवारीत. माझ्या पाटल्या पतपेढीत ठेवून पहिला हप्ता भरला. बाहेरच्या संस्था शिष्यवृत्ती देतात असं ऐकते, पण कुठे विचारायचं ते कळत नाही. तालुक्याला एक जण पाच हजार घेऊन ‘नक्की मिळवून देतो’ म्हणतो. यजमान म्हणतात, ‘आजवर कोणाकडे हात पसरूक नाय, आता पोरीसाठी पसरूचो?’ मुलीलाही लाज वाटते. काय करावं?
– एक आई

ताई,

पाच हजारवाल्याचं आधी उरकू. त्याला एक रुपयाही देऊ नका. सेतू केंद्रात फॉर्म भरायला, स्कॅन करायला शंभर-दीडशे जातात ते वेगळे, ती त्या मुलाची मजुरी आहे. पण जो ‘नक्की’ म्हणतो, त्याच्या हातात आधार, पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी देऊ नये. मी २८ वर्षं कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसले. अशा लोकांनी भरलेले अर्ज मला लांबून ओळखू यायचे, कारण दहाही अर्जांत मोबाइल नंबर एकच असायचा. अर्जात त्रुटी निघाली की मेसेज त्या नंबरावर जायचा. मुलगी मात्र महिनोन्‌महिने ‘मंजूर झालं का हो?’ विचारत खिडकीशी येत राहायची.

आता ते ३१ हजार. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. तुम्ही दोन्हीत बसता. पण माफी त्या दोन शुल्कांचीच आहे. विकास शुल्क, अनामत, जिमखाना, होस्टेल, मेस यांतलं काही त्यात येत नाही. टीव्हीवर ‘मोफत शिक्षण’ एवढंच सांगितलं, त्यामुळे तुमच्यासारखे शेकडो पालक प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर अवाक होऊन उभे राहिले. कॉलेजकडून बाबवार पावती मागून घ्या. तिच्यात शिक्षण शुल्क लावलेलं दिसलं, तर ते का घेतलं हे लेखी विचारा. आणि ही माफी आपोआप लागू होत नाही, मुलीला दरवर्षी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावाच लागेल. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरले, असं होणारी मुलं दर जूनला मी पाहिली आहेत.

म्हणजे तुमचा खरा खड्डा आहे तो साधारण सव्वा लाखाचा, त्यातही मुख्य राहण्या-जेवणाचा. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ‘मदत हवी’ असं म्हणणाऱ्याला कोणी फारसं विचारत नाही, पण ‘वर्षाला ९५ हजार मेस-होस्टेलचे, त्यातले ४० आम्ही उभे करू, ५५ कमी पडतात’ असं म्हटलं की समोरचा पेन उचलतो.

आता यजमानांच्या बोलण्याकडे येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती त्यांच्याच थापीखाली आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही.

राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणी केलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना इंजिनीयरिंगच्या पदवीसाठी हे मंडळ वर्षाला ६० हजार रुपये देतं, मेडिकलला एक लाख. मंडळाकडे पैसा येतो कुठून? १९९६ च्या कायद्यापासून बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर लावला जातो आणि तो या मंडळात जमा होतो. पूल झाला, शाळेची इमारत झाली, रिसॉर्ट झालं, त्या प्रत्येक बिलातला एक टक्का तिकडे गेला. बांधलं कोणी? यजमानांसारख्यांनीच. त्यांना माझ्या वतीने एवढंच सांगा, की भर उन्हात चिरा तासताना, ओळंबा लावताना जी भिंत उभी राहिली तिच्यातून हा पैसा कापून ठेवलेला आहे. तो मागण्याला हात पसरणं म्हणत नाहीत, मजुरीची थकबाकी मागणं म्हणतात.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला लागतो. इथेच आपल्याकडची माणसं अडतात, कारण कोकणातल्या गवंड्याला एक ठेकेदार नसतो. दिवाळीनंतर कुणाची पडवी, मग कुणाचा गडगा, शिमग्याआधी चाकरमान्याच्या बंद घराचं जोतं, असं काम मृगापर्यंत चालतं. ठेकेदाराकडे काम केलं असेल तर त्याचा दाखला घ्या. सुटी कामं असतील तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे जा, पण रिकाम्या हाताने नको. वहीत गेल्या दिवाळीपासूनची कामं तारखेनिशी लिहा: कुणाचं घर, कोणती वाडी, किती दिवस, सोबत कोण होतं. दिवसांची बेरीज ९० च्या वर गेली की ती वही घेऊन जा. तालुक्याच्या ठिकाणी मंडळाचं सुविधा केंद्र असतं, तिथे नोंदणी होते आणि पुढे शिष्यवृत्तीचा अर्जही. आधी नोंदणी, मग शिष्यवृत्ती, हा क्रम उलटा होत नाही. यंदाचं वर्ष हुकलं तरी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करत राहा, एवढंच.

सरकारी खात्याबद्दल अजून थोडंच सांगते आणि पुढे जाते. होस्टेलसाठी ओबीसी मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुण्यासाठी वर्षाला ६० हजार. जिल्ह्याला जागा ठरलेल्या असतात. ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या कार्यालयात जाऊन या. केंद्राच्या पोर्टलवर बारावीच्या गुणांवर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२ हजारांची शिष्यवृत्ती दिसेल, तिच्या मागे लागू नका, राज्याची फी माफी घेणाऱ्याला ती मिळत नाही. एआयसीटीई म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मात्र वर्षाला ५० हजारांची आहे. ती फी माफीसोबत जुळते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून लेखी उत्तर घेऊन मगच भरा. दोन्ही भरून बघू, जे लागेल ते लागेल, हा हिशेब इथे अंगाशी येतो. मिळालेले पैसे परत भरण्याची नोटीस आल्यावर रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

आता बाहेरच्या संस्था. लोक मोबाइल उघडतात आणि थेट सगळ्यात मोठ्या नावापासून सुरुवात करतात. मी उलटं सांगते, घराजवळून सुरू करा. जवळच्या शिष्यवृत्त्या लहान असतात, दोन हजार, पाच हजार, फार तर दहा. पण तिथे अर्ज वीस येतात, वीस हजार नाही. असे पाच जमले की मेसचे चार-पाच महिने निघतात.

तुमच्या गावाचं मुंबईत मंडळ असेलच. लालबाग, परळ, नालासोपारा, कुठेतरी दर महिन्याला त्यांची सभा होते, आणि वर्षातून एकदा ते वह्या वाटतात, दहावी-बारावीच्या मुलांना नारळ आणि शाल देऊन फोटो काढतात. त्यांना उच्च शिक्षणाला मदत करायची असते, पण कोणी मागतच नाही, मागितलं तरी तोंडी मागतं. गणपतीत मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी सगळे गावात येतात. घरोघरी आरत्या संपून पानसुपारी चालू असते, तेव्हा मुलीने स्वतः एक पानी अर्ज हातात द्यावा. भजनाच्या गलक्यात नको, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांना तो पुढच्या सभेत ठेवायला कागद मिळतो, आणि सभेत कागद असला की त्यावर ठराव होतो. ज्ञातिसंस्थेचंही असंच. कोकणातल्या बऱ्याच समाजांच्या संस्था मुंबईत जुन्या आहेत, कुणबी समाजोन्नती संघ तर १९२० चा. आपल्या समाजाच्या संस्थेला पत्र टाका, शिष्यवृत्तीबरोबरच पुण्या-मुंबईत वसतिगृह आहे का हेही विचारा. होस्टेलची खोली स्वस्तात मिळाली तर ती कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा मोठी. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते, तिथे पुढच्या वर्षासाठी आत्तापासून नाव काढा.

आणि ज्या पतपेढीत पाटल्या ठेवल्यात, तिचे तुम्ही सभासद आहात ना? मग तिच्या वार्षिक अहवालात ‘शिक्षण निधी’, ‘धर्मादाय निधी’ असं काही आहे का ते बघा. व्याज भरताना विचारायला काय हरकत आहे?

यानंतर कंपन्यांचं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, शिक्षण त्यात येतं. म्हणून हल्ली इतक्या शिष्यवृत्त्या दिसतात. साधारण गणपती ते दिवाळी हा यांचा हंगाम. तुमच्या मुलीला बसणाऱ्या तीन सांगते. कोटक कन्या: फक्त मुलींसाठी, व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात असणाऱ्यांना, बारावीला ७५ टक्के आणि उत्पन्न सहा लाखांच्या आत, वर्षाला दीड लाखापर्यंत. कॉलेज नामांकित लागतं, तेव्हा नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, दर्जा बघून घ्या. रिलायन्स फाउंडेशन: देशभरातून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या ५,००० मुलांना, पूर्ण अभ्यासक्रमात मिळून दोन लाखांपर्यंत. बारावीला ६० टक्के पुरतात, पण ऑनलाइन ॲप्टिट्यूड चाचणी द्यावी लागते, आणि अडीच लाखांखालच्या उत्पन्नाला प्राधान्य आहे. एचडीएफसी बँकेची परिवर्तन: उत्पन्न अडीच लाखांच्या आत, व्यावसायिक पदवीला ५० हजार. अटी दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून यंदाची जाहिरात त्यांच्याच वेबसाइटवर वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारी नको. पहिल्या दोन ‘पहिल्या वर्षात’ असतानाच भरता येतात, हे लक्षात ठेवा. ‘आधी सेमिस्टर होऊ दे’ म्हणाल तर दार बंद होईल.

अर्जात एक मोकळी चौकट असते: ‘तुम्हाला ही शिष्यवृत्ती का हवी?’ निम्मी मुलं इथे पडतात. लिहितात, ‘मी एक होतकरू व गरीब विद्यार्थिनी असून मला शिकून देशाची सेवा करायची आहे.’ निवडणाऱ्या माणसाने त्या दिवशी हे वाक्य चारशे वेळा वाचलेलं असतं. तुमच्या पत्रातूनच मी एक मसुदा काढला, बघा:

‘माझे वडील चिऱ्याचं बांधकाम करतात. पावसाचे चार महिने काम बंद असतं, म्हणून वर्षात साधारण दीडशे दिवसच मजुरी मिळते. आमची २२ आंब्याची कलमं कराराने दिलेली असतात. थ्रिप्सची कीड पडली की पुढच्या वर्षीचा करार कमी होतो. आई बचत गटात आमसुलं करते. माझी ट्यूशन फी माफ आहे, पण होस्टेल-मेसचे ९५,००० रुपये भरायचे आहेत. पहिला हप्ता आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरला. दुसरा हप्ता जानेवारीत आहे.’

यात रडणं नाही, विनवणी नाही. प्रत्येक वाक्य तपासता येतं. करारातले आकडे मुलीने घालावेत, आणि इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर जे काही घेतलंय ते तिला का आवडतं हे दोन ओळींत तिच्या शब्दांत लिहावं. घरचा मिक्सर उघडून बसायची असेल तर मिक्सर लिहू दे. लाज कशाची, हेही मग तिला लिहिता लिहिता कळेल. इथे दया येण्यासारखं काही नाही, फक्त हिशेब आहे.

कागदपत्रांची फाइल करा, एकच. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाइल, कॅपचं अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड, दोन्ही गुणपत्रिका, रेशनकार्ड, फीच्या पावत्या. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून दरवर्षी नवा लागतो, आणि तलाठ्याच्या अहवालाशिवाय तो हलत नाही. (कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, आपल्यासाठी भाऊ तलाठीच.) तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला आत्ताच दिसते. सातबारा सामाईक असणार. वीस-बावीस नावं, आजोबांच्या भावांपासूनची, आणि वर क्षेत्र दिसतं भलंमोठं. पुण्या-मुंबईत बसलेल्या निवड समितीला वाटतं, अरे, एवढी जमीन! अर्जाला सातबारा जोडायची वेळ आली तर सोबत एक साधं पत्र लावा: एकूण खातेदार इतके, आमच्या वाट्याला प्रत्यक्षात २२ कलमं आणि इतके गुंठे भातशेत. शक्य असेल तर सरपंचांची सही घ्या. माझ्याच भाच्याचा अर्ज एका ट्रस्टने यावरून परत पाठवला होता. आम्ही हे पत्र लावून पुन्हा दिला तेव्हा मंजूर झाला, पण तोवर एक सेमिस्टर गेलं.

बँकेचं खातं मुलीच्या नावाचं, राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि आधारशी जोडलेलं हवं. पतपेढीच्या खात्यात सरकारी पैसे येत नाहीत. मोबाइल रिचार्जच्या दुकानात कुणी तिचं भलतंच खातं उघडून आधार जोडलं असेल तर पैसे तिकडे जातात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी (थेट सरकारी पैसे जमा होण्यासाठी) माझं आधार कुठल्या खात्याला लागलंय’ हे एकदा तपासून घ्या. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का, तेही.

आता कडू गोष्ट. यातला कुठलाच पैसा जानेवारीच्या हप्त्याआधी येईल असं धरून चालू नका. शिष्यवृत्ती उशिरा येते, कधीकधी दुसरं वर्ष सुरू झाल्यावर पहिल्याची येते. म्हणून मुलीने होस्टेलच्या रेक्टरना आत्ताच अर्ज देऊन हप्ते पाडून मागावेत, सोबत भरलेल्या अर्जांच्या पोचपावत्या जोडाव्यात. अगदीच अडलं तर खाजगी सावकारापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, मात्र कॉलेज त्यांच्या यादीत असावं लागतं. पाटल्या मात्र सोडवायला घाई करू नका, व्याज भरत राहा.

कोणत्याही कागदावर सही करताना अटी वाचा. आपल्या कोकणातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, आणि शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार करून घेतला. बाबासाहेबांनी सही केली ती अट माहीत असताना. हल्लीही काही संस्था ‘दरवर्षी अमुक टक्के हवेत’, ‘दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये’, ‘आमच्याकडे इतके दिवस काम करावं’ असं घालतात. त्यातलं काही वाईट नाही, फक्त आधी माहीत हवं. दुसरीकडून काही मिळालं तर लपवू नका. फॉर्ममध्ये तो रकाना असतो, तिथे खरं लिहा.

वही आजच घ्या. यजमान संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुऊन चहाला बसले, की मुलीने शेजारी बसून दिवाळीपासूनची कामं विचारावीत आणि लिहून घ्यावीत. कुणाचा गडगा, कुणाची पडवी, किती दिवस. ९० पुरे झाले का ते मला कळवा, आणि मोकळ्या चौकटीतलं तिने काय लिहिलं तेही पाठवा, तिच्याच अक्षरात.